चित्र दिसते, आवाज येत नाही : व्हिडिओ फाइल बदलताना घ्यावयाची काळजी

धंद्यात आता मालाचा नमुना पार्सलने कमी आणि व्हिडिओने जास्त जातो. सुरतचा व्यापारी साडीचा पदर उलगडून दाखवतो आणि तोंडाने भाव, मीटर व रंगांच्या जोड्या सांगतो. लूमचा मिस्त्री मशीन चालवून दाखवतो आणि कोणता नट किती कसायचा ते बोलून समजावतो. आखातातला गिऱ्हाईक अबायाच्या कापडाची मागणी लिहून पाठवण्याऐवजी बोलूनच पाठवतो. चित्रात रंग दिसतो, पोत दिसतो. पण रीड-पिक, भाव आणि मुदत ही सगळी आवाजात असते. म्हणजे अर्धा सौदा कानाने होतो.

असा व्हिडिओ काँप्युटरवर घेऊन दुसऱ्या प्रकारात बदलला, टीव्हीवर लावला किंवा दुसऱ्याच्या फोनवर पाठवला की कधीकधी चित्र व्यवस्थित चालते आणि आवाज मात्र गायब होतो. पडद्यावर ‘ऑडिओ नॉट सपोर्टेड’ अशा अर्थाची ओळ येते, किंवा काहीच न येता फाइल मुकी राहते. मग दुकानवाला सांगतो की फाइल खराब आहे. आमचा अनुभव असा की दहापैकी आठ-नऊ वेळा फाइल खराब नसते. आवाज आत शाबूत असतो, फक्त समोरच्या यंत्राला तो वाचता येत नाही. हा फरक समजला तर पैसे, वेळ आणि पुष्कळदा परत न मिळणारी वस्तू वाचते. म्हणून आज या विषयाची सविस्तर माहिती देत आहोत.

पेटी वेगळी, माल वेगळा

आपल्या बांधवांची पहिली गैरसमजूत अशी की एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, ३जीपी ही व्हिडिओची जात आहे. तसे नाही. ही फक्त पेटीची नावे आहेत. ट्रान्सपोर्टमधून गाठ येते, तिच्यावर एकच मार्का असतो. पण उघडल्यावर आत एका बाजूला सुती थान आणि दुसऱ्या बाजूला रेशमी थान निघू शकते. व्हिडिओ फाइल अशीच गाठ आहे. तिच्यात चित्राचा माल वेगळा असतो आणि आवाजाचा माल वेगळा असतो. दोन्ही आपापल्या पद्धतीने घड्या घालून, दाबून भरलेले असतात. या दाबण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात.

तेव्हा दोन फाइली एमपी४ असल्या तरी एकीचा आवाज एएसी पद्धतीचा आणि दुसरीचा एसी-३ पद्धतीचा असू शकतो. पहिली तुमच्या फोनवर बोलेल आणि दुसरी मुकी राहील. त्याचप्रमाणे फाइलचे नाव बदलून एमकेव्हीच्या जागी एमपी४ लिहिल्याने काहीही होत नाही. गाठीवरचा मार्का पुसून दुसरा मारला म्हणून आतले सूत रेशीम होत नाही.

आवाजाची लिपी

आमच्यासारखे उर्दू माध्यमात शिकलेले लोक ही गोष्ट चटकन समजतील. एकच वाक्य नस्तालिकमध्ये लिहिता येते आणि देवनागरीतही लिहिता येते. मजकूर तोच, अर्थ तोच, उच्चारही तोच. पण ज्याला ती लिपी येत नाही तो कागद हातात धरून गप्प उभा राहतो. कागद कोरा नसतो. कोडेक ही आवाजाची लिपी आहे. फाइल बदलणे म्हणजे कन्व्हर्ट करणे, आणि त्याचा अर्थ इतकाच की ज्याला दोन्ही लिप्या येतात अशा मुन्शीकडून तो मजकूर दुसऱ्या लिपीत उतरवून घेणे. मुन्शीलाच मूळ लिपी येत नसेल तर तो चित्र उतरवील आणि आवाजाची जागा कोरी सोडील. मुकी फाइल तयार होते ती अशी.

सगळ्या यंत्रांना सगळ्या लिप्या का शिकवत नाहीत, असा प्रश्न येईल. कारण व्यापारी आहे. डॉल्बी, डीटीएस यांसारख्या पद्धतींसाठी यंत्र बनवणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो व त्याचे पैसे मोजावे लागतात. खर्च वाचवण्यासाठी फोनवरची काही मोफत ॲप्स आणि काही टीव्ही कंपन्या त्या पद्धती वगळतात. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये एसी-३ ची सोय सोबत येत नाही. त्यामुळे जुन्या काँप्युटरवर बोलणारी फाइल नव्या काँप्युटरवर मुकी होते, आणि लोक नव्या काँप्युटरला दोष देतात.

आधी दुखणे ओळखा

इलाज करण्याआधी नाडी पाहावी. त्यासाठी काँप्युटरवर व्हीएलसी हा मोफत प्लेअर त्याच्या मूळ संस्थेकडून घेऊन बसवावा. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कामातून तो तयार झाला आहे. त्याला जवळजवळ सर्व लिप्या येतात. मूळ फाइल, म्हणजे कन्व्हर्ट करण्याआधीची फाइल, त्यात लावावी.

१) व्हीएलसीमध्ये आवाज आला, तर फाइल चांगली आहे. दोष दुसऱ्या प्लेअरचा किंवा कन्व्हर्ट करणाऱ्या प्रोग्रामचा आहे.

२) आवाज आला नाही, तर ‘ऑडिओ’ या मेनूमध्ये ‘ऑडिओ ट्रॅक’ उघडून पाहावे. एका फाइलमध्ये दोन-तीन आवाज असू शकतात आणि चुकीचा निवडला गेलेला असू शकतो.

३) ट्रॅकच दिसत नसेल, तर त्या फाइलमध्ये आवाज भरलेलाच नाही, किंवा आधीच कोणीतरी कन्व्हर्ट करताना तो सोडून दिला आहे. अशा वेळी ज्याच्याकडून फाइल आली त्याच्याकडे पहिली प्रत मागावी. कोणताही प्रोग्राम नसलेला आवाज निर्माण करू शकत नाही.

४) नंतर ‘टूल्स’ मेनूतून ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडावे. तेथे चित्राचे आणि आवाजाचे कोडेक वेगवेगळे लिहिलेले असतात. आवाजाचे नाव, चॅनेल किती आणि सॅम्पल रेट किती, या तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात. डॉक्टरकडे जाताना रिपोर्ट नेतो तसा हा रिपोर्ट आहे.

कोणत्या नावाचा काय अर्थ

एएसी : आजची बाजारपेठेतली चलती नाणी. जवळजवळ प्रत्येक फोन, टीव्ही आणि काँप्युटर ती घेतो. आपल्याला शेवटी येथेच पोहोचायचे आहे.

एमपी३ : जुनी व सर्वत्र चालणारी. पण ती सुटी फाइल असताना चालते. एमपी४ पेटीत एमपी३ आवाज भरला तर काही यंत्रे मुकी राहतात.

एसी-३ व ई-एसी-३ : डॉल्बीच्या पद्धती. व्हीएलसीमध्ये एसी-३ चे नाव ए५२ असेही दिसते. लग्नाच्या डीव्हीडीमध्ये आवाज बहुधा एसी-३ असतो.

डीटीएस : ही पद्धत सिनेमाच्या डिस्कवर आढळते. फोनवर आणि बऱ्याच टीव्हींवर ती चालत नाही.

एएमआर : पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या बटणाच्या फोनमधल्या ३जीपी फाइलींत हा आवाज असतो. सॅम्पल रेट फक्त ८०००. टेलिफोनसारखा ऐकू येतो. आजचे पुष्कळ प्रोग्राम तो ओळखत नाहीत.

ओपस : व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटचा आवाज या पद्धतीचा असतो. व्हॉइस नोट व्हिडिओवर चढवायला गेल्यास काही एडिटिंग प्रोग्राम ‘अनसपोर्टेड’ म्हणून ती नाकारतात. आधी ती वेगळी बदलून घ्यावी.

पीसीएम : न दाबलेला, कच्चा आवाज. गुणवत्ता पूर्ण, पण जागा खातो. ४८००० सॅम्पल, १६ बिट व दोन चॅनेल असा हिशेब केला तर सेकंदाला १५३६ किलोबिट होतात. म्हणजे तासाला सुमारे ६९१ एमबी. तोच आवाज १२८ किलोबिटच्या एएसीमध्ये तासाला सुमारे ५८ एमबी होतो.

एपॅक : ही नवी पद्धत आहे. २०२४ च्या आयफोन १६ मालिकेत स्पेशिअल ऑडिओने चित्रण केले की फाइलमध्ये दोन आवाज येतात, एक साधा एएसी आणि दुसरा एपॅक. कन्व्हर्ट करणारा प्रोग्राम दुसऱ्यावर अडखळतो. अशा वेळी पहिला ट्रॅक निवडावा. पुढच्या चित्रणासाठी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘रेकॉर्ड साउंड’ येथे ‘स्टिरिओ’ करून ठेवावे.

दुरुस्तीचे तीन रस्ते

पहिला रस्ता, हँडब्रेक. हा मोफत प्रोग्राम नवख्यासाठी सोपा आहे. फाइल उघडावी, पेटी एमपी४ निवडावी आणि थेट ‘ऑडिओ’ टॅबवर जावे. येथेच बहुतेक जण चुकतात, कारण ते चित्राच्या सेटिंगमध्ये रमतात आणि आवाजाकडे पाहत नाहीत. आवाजाच्या ओळीत ‘पासथ्रू’ असा शब्द दिसला तर समजावे की मूळ आवाज न बदलता तसाच पुढे ढकलला जाणार आहे. मूळ एसी-३ असेल तर नवीन फाइलही एसी-३ राहील आणि तक्रार कायम राहील. तेथे ‘एएसी’ निवडावे, ‘मिक्सडाउन’मध्ये ‘स्टिरिओ’ करावे, बिटरेट १६० ठेवावा. एकापेक्षा जास्त ओळी असतील तर नको असलेल्या काढून टाकाव्यात. हँडब्रेक चित्रही नव्याने दाबतो, म्हणून वेळ लागतो.

दुसरा रस्ता, व्हीएलसी. त्यात ‘मीडिया’ मेनूमध्ये ‘कन्व्हर्ट’ची सोय आहे. पण सावध! आधीपासून निवडलेल्या प्रोफाइलमध्ये पुष्कळदा एमपी४ पेटीत एमपी३ आवाज असतो. शेजारच्या पान्याच्या चिन्हावर क्लिक करून ‘ऑडिओ कोडेक’मध्ये एएसी निवडावे, चॅनेल २ आणि सॅम्पल रेट ४८००० करावा. ‘कीप ओरिजिनल ऑडिओ ट्रॅक’ या चौकटीत खूण असेल तर ती काढावी. खूण राहिली तर आवाज बदलतच नाही.

तिसरा रस्ता, एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेला हा प्रोग्राम आज इतर अनेक प्रोग्रामच्या पोटात काम करतो. त्यात बटणे नाहीत, हुकूम लिहून द्यावा लागतो. शिकलेला मुलगा घरात असेल तर त्याला एवढेच सांगावे : चित्र ‘कॉपी’ कर, आवाज ‘एएसी’ कर, पेटी एमपी४ ठेव. याचा मोठा फायदा असा की चित्राला हात लागत नाही, ते जसेच्या तसे राहते व काम मिनिटांत होते. मात्र चित्र एच.२६४ पद्धतीचे असेल तरच कॉपी करावे. जुन्या ३जीपीमधले चित्र बहुधा वेगळ्या पद्धतीचे असते, तेव्हा तेही बदलावे लागते.

एएमआरचा आवाज बदलताना सॅम्पल रेट ८००० वरून ४४१०० किंवा ४८००० करावा. त्याने आवाज सुधारत नाही, जे टिपले गेले नाही ते परत येत नाही. पण यंत्रे तो स्वीकारतात.

कोणताही रस्ता घ्या, सबंध दोन तासांची फाइल एकदम लावू नका. आपण सबंध थान रंगवण्याआधी चिंधी बुडवून पाहतो. तसा आधी तीस सेकंदांचा तुकडा बदलावा, ज्या फोनवर किंवा टीव्हीवर चालवायचा आहे त्याच यंत्रावर ऐकावा आणि मगच पूर्ण काम लावावे.

आवाज आहे, तरी ऐकू येत नाही

काही वेळा कोडेक बरोबर असते आणि तरी तक्रार राहते. त्याची तीन कारणे आमच्या पाहण्यात आली आहेत.

पहिले कारण, सहा चॅनेलचा आवाज. ५.१ पद्धतीत बोलणे मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असते. फक्त डावा-उजवा उचलला तर मागचा गलबला ऐकू येतो आणि बोलणारा नाहीसा होतो. ‘मिक्सडाउन स्टिरिओ’ केल्यावर मधला आवाज दोन्ही बाजूंत मिसळतो.

दुसरे कारण, उलटा आवाज. जलशात किंवा प्रशिक्षण शिबिरात मिक्सरमधून चुकीची केबल लावली तर डाव्या व उजव्या बाजूला तोच आवाज येतो, पण एक सुलटा आणि एक उलटा. हेडफोनमध्ये तो ऐकू येतो. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर दोन्ही बेरीज होऊन एकमेकांना खाऊन टाकतात आणि सारे शांत होते. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये दोन बाजू वेगळ्या करून एक काढून टाकावी व उरलेली मोनो ठेवावी. आवाज परत येतो.

तिसरे कारण, आवाज मागे-पुढे होणे. फोनमधले चित्रण दर सेकंदाला सारख्या संख्येने चित्रे घेत नाही. लांब फाइलीत ओठ आणि शब्द यांचा मेळ सुटतो. हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडल्यास हा दोष बहुधा जातो.

मूळ फाइल ही अमानत आहे

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील हिमरू विणणाऱ्या एका घराण्याची हकीकत आम्हाला माहीत आहे. घरातले बुजुर्ग उस्ताद हयात असताना नातवाने साध्या फोनवर त्यांचे विणकाम टिपले होते. चित्र अंधूक, धागे धड दिसत नाहीत. पण उस्ताद नक्शीचा हिशेब तोंडाने सांगत होते. किती धागे उचलायचे, किती सोडायचे, कोठे पुन्हा सुरुवातीवर यायचे. धडा चित्रात नव्हता, आवाजात होता. उस्तादांच्या इंतकालानंतर घरच्यांनी मेमरी कार्ड एका दुकानात दिले. दुकानाने सर्व फाइली एमपी४ करून दिल्या, चित्र दिसते हे दाखवले, पैसे घेतले. घरी आल्यावर कळले की एकाही फाइलीत आवाज नाही. दुकानदाराचे म्हणणे, मूळचाच आवाज गेला आहे, कार्ड पुसून दुसऱ्या कामाला घ्या.

सुदैवाने कार्ड पुसले गेले नव्हते. मूळ ३जीपी फाइल व्हीएलसीमध्ये लावताच उस्तादांचा आवाज ऐकू आला. तो एएमआर होता आणि दुकानातल्या प्रोग्रामला एएमआर वाचता येत नव्हता, एवढीच गोष्ट. योग्य रीतीने बदलल्यावर सर्व हिशेब मिळाला. कार्ड पुसले असते तर तो हिशेब सांगणारे दुसरे कोणी त्या घरात नव्हते.

आपल्या कारागिरांकडे असे किती उस्ताद आहेत, ज्यांचा हुन्नर कागदावर कोठेच नाही! त्यांचा आवाज ज्या फाइलीत आहे ती अमानत समजावी. बदललेली फाइल शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय मूळ पुसू नये, आणि ऐकल्यावरही मूळ प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवूनच द्यावी. आज ज्या प्रोग्रामला जमत नाही ते उद्या दुसऱ्याला जमते.

काही सावधगिरीच्या गोष्टी

‘कोडेक पॅक’ नावाने इंटरनेटवर जे फुकट मिळते ते अनोळखी ठिकाणाहून घेऊ नये. त्यासोबत व्हायरस येतो आणि हिशेबाच्या फाइली अडकतात. वर सांगितलेले प्रोग्राम असताना त्याची गरजही नाही.

ऑनलाइन कन्व्हर्टरवर फाइल चढवणे म्हणजे ती परक्याच्या गोदामात ठेवणे होय. नवीन डिझाइनचा व्हिडिओ, गिऱ्हाइकाच्या भावाची बोली आणि विशेषतः घरातल्या लग्नाचे, आपल्या आया-बहिणींचे चित्रण तेथे चढवू नये. हे काम घरच्या काँप्युटरवरच होऊ शकते.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल ते ॲप पुन्हा दाबून लहान करते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली जशीच्या तशी जाते. तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याआधी आवाज एएसी आहे याची खात्री करावी, नाहीतर समोरच्याला मुके चित्र मिळेल. सिनेमा-मालिकांच्या ॲपमधून उतरवलेल्या फाइली कुलूपबंद असतात. त्यांचे कुलूप तोडणे हा आपला विषय नाही आणि दुसऱ्याच्या मालाला हात लावणे आपल्याला शोभतही नाही.

आणि एक शेवटची, पण मोठी गोष्ट. सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. व्हिडिओतला आवाज केव्हा मुका होईल सांगता येत नाही. म्हणून भाव, मीटर, रीड-पिक आणि मुदत बोलून पाठवली तरी खाली चार ओळी लिहूनही पाठवाव्यात. आवाज गेला तरी सौदा राहतो आणि भांडण होत नाही.

दुकानात चिकटवून ठेवण्याची चिठ्ठी

फाइल दुकानात बदलायला देताना पुढील मजकूर कागदावर लिहून द्यावा व त्याप्रमाणे काम झाले का ते पाहावे :

पेटी – एमपी४
चित्र – एच.२६४
आवाज – एएसी, स्टिरिओ, ४८०००, १२८ ते १९२ किलोबिट
आवाजाचा ट्रॅक – एकच
आधी तीस सेकंदांचा नमुना ऐकवावा
सुरुवात, मध्य आणि शेवट या तीन ठिकाणी आवाज तपासावा
मूळ फाइल पुसू नये, कार्ड जसेच्या तसे परत द्यावे

ही चिठ्ठी पाहिल्यावर दुकानदार तुम्हाला ‘फाइल खराब आहे’ असे सहसा सांगणार नाही. सांगितलेच तर त्याच्यासमोर मूळ फाइल व्हीएलसीमध्ये लावून ऐकावी.